संत पॅट्रिक यांच्या गोष्टीतून साप आणि तिपानी पान काढून टाकावं का?

जुनी_पाने
१७ मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात दोन गोष्टी हमखास सांगतात: संत पॅट्रिक यांनी आयर्लंडमधले साप समुद्रात हाकलले, आणि शॅमरॉक या गवतासारख्या रोपाचं तिपानी पान दाखवून पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, समजावलं. माझं मत, दोन्ही गाळा. पाचव्या शतकातल्या या संतांनी स्वतः लिहिलेले दोन लॅटिन मजकूर आपल्या हाती आहेत, 'कन्फेसिओ' हे आत्मनिवेदन आणि कोरोटिकस या सरदाराच्या सैनिकांना धाडलेलं पत्र. दोन्हींत ना साप, ना पान. हिमयुगानंतर साप आयर्लंडला पोचलेच नाहीत. तिथे साप नसल्याचं तिसऱ्या शतकातला रोमन लेखक सोलिनस लिहून गेलाय. पानाची कथा तर लिखित सापडते ती अठराव्या शतकात.

वसईचा_वाटसरू
सापांसाठी मी भांडणार नाही. पण पान का टाकायचं? कन्फेसिओचा चौथा परिच्छेद उघडा, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवरच्या श्रद्धेची अख्खी कबुली तिथे आहे. त्यांनी त्रैक्य शिकवलं हे खरंच, पान हे त्याचं साधन. आठ वर्षांच्या मुलाला नुसतं 'एक देव, तीन व्यक्ती' सांगून काय हाती लागणार? पान हातात दिलं की ते निदान प्रश्न तरी विचारतं.

जुनी_पाने
आणि चुकीचं उत्तर घेऊन घरी जातं! तिपानीचं एक दल म्हणजे पानाचा तिसरा हिस्सा. पुत्र हा देवाचा तिसरा हिस्सा नाही, पूर्ण देव आहे. पाणी-बर्फ-वाफेचा दाखला दिलात तर उलटी चूक होते: एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो असं वाटतं. पान दाखवायचंच असेल तर 'हा दाखला इथे तुटतो' हे त्याच तासाला सांगा. पुढच्या रविवारी सांगून उपयोग नाही, तोवर चित्र डोक्यात पक्कं झालेलं असतं.

लॅटिनवेडी
तुम्ही दोघंही पानावर अडकलात. कन्फेसिओचे चार परिच्छेद क्रमाने वाचून दाखवा, वीस मिनिटं पुरतात. पहिला: वडील डीकन (धर्मगुरूच्या खालचा चर्चसेवक), आजोबा धर्मगुरू, तरी 'खरा देव मला ठाऊक नव्हता' ही कबुली. सोळाव्या वर्षाच्या आसपास ब्रिटनमधून धरून गुलाम म्हणून आयर्लंडला नेलं. सोळावा: मेंढरं राखताना दिवसाला शंभरेक प्रार्थना, रात्रीही जवळजवळ तेवढ्याच, बर्फात, पावसात. सतरावा: सहा वर्षांनी स्वप्नात 'तुझं जहाज तयार आहे' हा आवाज, मग दोनशे रोमन मैल, म्हणजे जवळपास ३०० किलोमीटरची वाट. इथे बहुतेक जण थांबतात, आणि गोष्ट सुटकेची होऊन बसते. तेविसावा वाचल्याशिवाय उठू नका: घरी परतल्यावर स्वप्नात व्हिक्टोरिकस नावाचा माणूस पत्रं घेऊन येतो, आणि आयरिश लोक हाक मारतात, परत ये, आमच्यात वावर. ज्यांनी गुलाम केलं त्यांच्याकडेच ते गेले. श्रद्धेची गोष्ट ती ही.

वसईचा_वाटसरू
वाचन मान्य. पण मग सातव्या शतकात संतांचं चरित्र लिहिणाऱ्या मुइर्खूने सांगितलेली, परंपरेने स्लेनच्या टेकडीवरची मानलेली, संतांनी पेटवलेली पास्काची (ईस्टरची) आगही गाळणार का? लोकांनी शतकानुशतकं ज्यावर भक्ती पोसली ते 'नंतरचं' म्हणून फेकता येत नाही.

लॅटिनवेडी
फेकू नका, पण मुइर्खूच्या नावानं सांगा. तो तारा या आयरिश राजधानीच्या राजाला बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्याशी जोडतो, म्हणजे बायबलमधलं दानिएलचं पुस्तक समोर ठेवूनच लिहितोय. मुलांना ते सांगितलं तर आग आणखी उजळते.

जुनी_पाने
आणि कोरोटिकसच्या सैनिकांना लिहिलेलं पत्र विसरू नका. नुकताच बाप्तिस्मा झालेले, कपाळावरचं पवित्र तेल अजून दरवळतंय, आणि त्यांतल्या काहींना कापून काढलं, उरलेल्यांना विकलं. हे करणारे सैनिक स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे. गुलामगिरी भोगलेला माणूस त्यांना बहिष्कृत करतो. हे पानापेक्षा आधी सांगा.

वसईचा_वाटसरू
मोठ्या मुलांना, हो. आठ वर्षांच्यांना मी पानच देईन, जिथे ते तुटतं तेही दाखवून.