गाडी गरम झाली की बंद पडते, इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाला करंट जात नाही काय?

रंकाळा_रायडर: भावांनो पेट्रोल गाडी हाय, गगनबावड्यास्नं येताना मधेच बंद पडली, अर्धा तास थांबलो तर परत चालू. गॅरेजवाला म्हणतोय पंप बदला. काय करू?

वायरमन_उद्यमनगर: थांब लगा, पंप लगेच बदलू नको. बंद पडल्या पडल्या चावी नुसती ऑन कर, मागच्या सीटखाली दोनेक सेकंद घूंऽऽ आवाज येतो का ऐक. नसंल तर फ्यूज बघ, मग पंपाचा रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) काढून हॉर्नचा लाव, पण नंबर सेम असला तरच. गरम झाल्यावर रिलेतला सोल्डर सोडतोय कधीकधी.

जुना_डायवर: रिले ठीक असला तर पंपाच्या वायरीला व्होल्ट बघायचा मीटर लावा, पण कनेक्टर जोडलेला ठेवूनच, मागनं पिन घालून, आणि चावी दुसऱ्यानं फिरवायची. काढून बघितलं तर गंजकी वायरबी १२ व्होल्ट दाखवते, मी असाच फसून चांगला पंप भंगारात घातलाय. अर्थची वायरबी बघा. आणि टाकीपाशी ठिणगी नको हां, पेट्रोलचा वास आला तर हात लावू नका.

रंकाळा_रायडर: रिलेच निघाला! हॉर्नचा लावून आणली घरापर्यंत, आता हॉर्न नाही, तोंडानं ओरडत आलोय 😄