एआर चष्म्यातला मणका ३-४ मिमी सरकतो, पेडिकल स्क्रूची दिशा कशी धरायची?

ओटी_तंत्रज्ञ_कोल्हापूर
होलोलेन्स २ वर (खऱ्या दृश्यावर थ्रीडी चित्र दाखवणारा एआर चष्मा) एल४-एल५ (कमरेचा चौथा-पाचवा मणका) मध्ये पेडिकल स्क्रूचा सराव चालू आहे (पेडिकल म्हणजे मणक्याच्या मागचा हाडाचा अरुंद दांडा), सध्या फक्त प्लास्टिकच्या मॉडेलवर. रजिस्ट्रेशननंतर (सीटीचं चित्र खऱ्या हाडाशी जुळवल्यावर) आकृती हाडावर नेमकी बसते. मान हलवली की सरकते. मार्कर (जागा ओळखायला कॅमेरा बघतो ती खूण) टेबलाच्या कडेला आहे. पेशंटवर नेण्याआधी काय काय तपासावं?

स्पाइन_ऑर्थो
३ मिमी फार झाले. गर्ट्झबाइन-रॉबिन्स प्रतवारीत (स्क्रू किती अचूक बसला त्याची श्रेणी) स्क्रू पेडिकलबाहेर २ मिमीच्या आत असेल तर बी, २ ते ४ मिमी असेल तर सी.
पेशंटचा सीटी बाहेरच्या सेंटरवर होणार असेल तर चिठ्ठीतच लिहा: स्लाइस १ मिमी किंवा कमी, गँट्री टिल्ट (सीटी मशीनच्या कड्याचा तिरकेपणा) शून्य, सीडीवर मूळ डायकॉम (स्कॅनची डिजिटल फाइल). ५ मिमीच्या स्लाइस आणि फिल्मचे फोटो यातून मॉडेल बनतच नाही.

नॅव्हिगेशन_इंजिनिअर
मार्कर टेबलावरून काढा, हाडावर लावा. होलोलेन्स खोलीचा नकाशा धरून चालतो, हाड कुठे गेलं ते त्याला कळत नाही. एक्सव्हिजनमध्ये (मणक्याच्या ऑपरेशनसाठीची एआर यंत्रणा, अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी डिसेंबर २०१९) कॅमेरा डोक्यावर असला तरी रेफरन्स मार्कर पेशंटच्या हाडालाच असतो.
मग एक डोळा मिटून डोकं डावीकडे-उजवीकडे न्या. रेषा हाडावरून घसरली तर चित्राची खोली (डेप्थ) चुकली आहे. चष्मा घालणारा बदलला की आय कॅलिब्रेशन (डोळ्यांप्रमाणे चष्मा जुळवणं) नव्याने. तरीही थोडा फरक राहतोच: चित्राचा फोकस साधारण २ मीटरवर, हाड हाताच्या अंतरावर, दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. ओटी लाइटखाली चित्र फिकं पडतं, दिवा जरा बाजूला घ्या.

स्पाइन_ऑर्थो
पेशंटवर आणखी एक भानगड आहे. सीटी उताणा झोपवून, ऑपरेशन पालथं. कण्याचा बाक बदलतो, म्हणून प्रत्येक मणक्याचं रजिस्ट्रेशन वेगळं. स्पायनस प्रोसेसवरच्या (मणक्याचं मागचं टोक) मार्करच्या क्लॅम्पला कोपर लागलं तर चित्र तसंच सुंदर दिसतं आणि जागा चुकलेली असते! दर स्क्रूआधी प्रोब (टोकदार सळी) ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर (मणक्याचं बाजूचं टोक) टेकवून चित्राशी जुळतंय का बघा. सी-आर्मचे (ओटीतलं एक्स-रे यंत्र) एपी-लॅटरल (समोरून आणि बाजूने) फोटो सोडू नका. मास्कची वरची कड चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर काच धुरकटते.

ओटी_तंत्रज्ञ_कोल्हापूर
मार्करचा होल्डर थ्रीडी प्रिंट केला तर चालेल?

नॅव्हिगेशन_इंजिनिअर
मॉडेलपुरता हो. पीएलए (थ्रीडी प्रिंटचं प्लास्टिक) ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ ला. सरावासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एसएस ३१६एल (स्टेनलेस स्टील) मध्ये सीएनसीवर करून घ्या, पण पेशंटला मंजूर क्लॅम्पच. आणि मार्कर चकचकीत लॅमिनेट करू नका, दिव्याच्या झळाळीत कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. मॅट ठेवा.