सागाला वाळवी लागत नाही, पण...

साग म्हटला की वाळवीची चिंताच नको, असं बरेच जण म्हणतात. हे फक्त आतल्या तपकिरी गाभ्यापुरतं खरं आहे. वाळवीला नकोसं असलेलं टेक्टोक्विनोन हे रसायन त्या गाभ्यात असतं. कडेचं पांढुरकं लाकूड वाळवी आणि भुंगेरे खुशाल खातात. त्यामुळे फळी घेताना कडा नीट बघाच.

लाकूड जोडायच्या सरसाबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. सागाच्या अंगच्या तेलामुळे बऱ्याच आधी रंधा मारलेला पृष्ठभाग सरस धरत नाही. माझ्या एका स्टुलाचा सांधा महिन्याभरात सुटला, आणि सरस चक्क पापुद्र्यासारखा निघून आला. आता मी ताजा रंधा मारतो, थिनरच्या फडक्याने पुसतो आणि लगेच जोडतो. हो, लाकडात सिलिका (वाळूतला कठीण पदार्थ) असते, म्हणून रंध्याच्या पात्याला मध्येच पुन्हा धार लावावी लागते.