दुर्बीण न घालता आयबीएस ठरवतात कसा?

एसटीवाला_सोलापूर:
मंडळी, वय 38, एसटीत वाहक, सोलापूर–पुणे मार्गावर. गेल्या आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्यांवर ड्युटी होती, तेव्हा जुलाब-उलट्या होऊन सलाईन लावावं लागलं. ते थांबलं, पण पोट तेव्हापासून बिघडलं ते बिघडलंच. सकाळी घरून निघेपर्यंत दोन-तीनदा जावं लागतं, तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही. कधी आव पडते. गाडीनं टेंभुर्णी सोडली की बेंबीखाली कळ. इंदापूर स्टँडवर आमचे चालक आता न सांगताच थोडं जास्त थांबतात. जाऊन आलं की कळ जाते. सुट्टीला त्रास निम्म्यावर.
घरच्या डॉक्टरांनी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले, पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं आणि म्हणाले, आयबीएस म्हणजे आतड्याचा चिडकेपणा आहे, दुर्बिणीची गरज नाही. मेहुणे म्हणतात, आत न बघता यांना कळलं कसं? पुण्याला दाखवू का?

पेठेतला_काका:
मेहुणे बरोबर बोलतायत. एकदा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण, करून टाका, मनाची शंका तरी जाईल.

तालुक्याचा_डॉक्टर:
काका, शंका जात नाही हो. रिपोर्ट नॉर्मल आला की पेशंट महिन्याभरात विचारतो, ‘मग दुखतं का?’ आयबीएसमध्ये आतडं दिसायला ठीकच असतं. बिघाड असतो त्याच्या हालचालीत आणि मेंदूशी चाललेल्या निरोपांच्या देवाणघेवाणीत. तो दुर्बिणीत दिसत नाही, पेशंटच्या बोलण्यात सापडतो.
एसटीवाले दादा, तुमच्या पोस्टमध्येच निदान आहे. 2016 सालचे ‘रोम 4’ निकष आम्ही वापरतो: गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, त्रास सुरू होऊन सहा महिने उलटलेले, आणि दुखण्याचा संबंध शौचाला जाण्याशी, किती वेळा जावं लागतं याच्याशी किंवा मळ घट्ट-पातळ होण्याशी, यातल्या किमान दोन गोष्टींशी. जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर साधारण दहातल्या एकाला हे मागे लागतं. आव पडणंही यात चालतं. आपल्याकडे मात्र आव दिसली की मेडिकलवाला अमिबावरच्या मेट्रोनिडाझोलची पट्टी काढून देतो आणि माणूस वर्षानुवर्षं ‘जुना अमिबा’ सांभाळत बसतो.
डॉक्टरांनी जे प्रश्न विचारले ते वेळ काढायला नव्हेत. रक्त पडतं का, वजन उतरलं का, कळ रात्री झोपेतून उठवते का, संध्याकाळी ताप येतो का (आपल्याकडे आतड्याचा टीबी विसरून चालत नाही), घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? यातलं एक जरी ‘हो’ आलं असतं, किंवा हिमोग्लोबिन कमी निघालं असतं, तर मीच तुम्हाला पुण्याच्या गाडीत बसवलं असतं. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेला त्रासही तसा सोडत नाही. रक्तात सीआरपी (आतली सूज दाखवते ती), थायरॉइड आणि सेलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडतं तो आजार) तपासणी झाली आहे ना, तेवढं बघा.

भाकरी_चटणी:
मला सहा-सात वर्षं हेच आहे. फरक पडला तो डाएटिशियनच्या मदतीनं केलेल्या ‘लो फॉडमॅप’ आहारानं, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ टाळायचा आहार, मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातला. चारेक आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा-छोले, दूध बंद, मग एकेक परत आणून बघायचं. माझ्यात दूध निर्दोष सुटलं, लसूण दोषी! सोलापूरकराला लसणाशिवाय शेंगाची चटणी म्हणजे काय शिक्षा आहे, विचारू नका. आता हिंगाच्या फोडणीवर भागवतो. भात आणि ज्वारीची भाकरी चालते.

तालुक्याचा_डॉक्टर:
छान. फक्त सगळं कायमचं बंद करून बसू नका कुणी. एसटीवाल्यांनी आधी सोपं करावं. प्रत्येक स्टँडवरचा चहा आणि सोबतची भजी कमी करा. ड्युटीच्या दिवशी अर्धा तास आधी उठून घरीच चहा-नाष्टा घ्या. पोटात काही गेलं की आतडं हलतं, ते काम घरीच उरकेल. इसबगोल अगदी थोड्यापासून, भरपूर पाण्यासोबत. गव्हाचा कोंडा नको, त्यानं पोट आणखी गुबारतं. लांबच्या फेरीआधी जुलाब रोखणारं लोपेरामाइड आणि कळेसाठी मेबेव्हेरिन चालू शकतं, पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

एसटीवाला_सोलापूर:
डॉक्टरसाहेब, आभार. त्यांनी रात्रीची अॅमिट्रिप्टिलिन 10 लिहून दिली आहे. मेडिकलवाला म्हणाला, ही डिप्रेशनची गोळी. मला काय वेड लागलंय का?

तालुक्याचा_डॉक्टर:
नाही लागलं. डिप्रेशनला ती पुष्कळ जास्त मात्रेत देतात. एवढ्या कमी मात्रेत ती आतड्याच्या दुखऱ्या नसा शांत करते आणि जुलाबही थोडे आवरते. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्याच 463 पेशंटांवर तिची चाचणी झाली, 2023 मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी नकली गोळीवाल्यांपेक्षा या लोकांना जास्त आराम होता. गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी झापड राहू शकते, म्हणून पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री घ्या.

एसटीवाला_सोलापूर:
रिपोर्ट काढून बघितले. सीआरपी, थायरॉइड नॉर्मल. सेलिअॅक कुठे दिसत नाही. उद्या विचारतो. तोवर पोळी बंद करू?

तालुक्याचा_डॉक्टर:
मुळीच नको. गहू सोडून रक्त दिलंत तर आजार असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. पोळी खात राहा, रक्त द्या, रिपोर्ट आला की इथे लिहा.