रात्रीचा ताप: सकाळची वाट पाहू नका

ताई, कॅन्सरच्या किमोनंतर लेकराला रात्री ताप आला तर सकाळपर्यंत थांबावं का, असं विचारलंत. अजिबात नको. आमच्या धाकटीला चौथ्या वर्षी ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला, उपचार खारघरच्या टाटाच्या कॅन्सर हॉस्पिटलात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये. किमोने पांढऱ्या पेशी घटल्या की साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेततो. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसलं की हॉस्पिटलला निघायचं. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नका. नेरूळहून आम्ही कितीदा रात्री दोनला निघालोय! फाईल, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट), दोन कपडे अशी पिशवी दाराशीच असायची.

आणि मोठ्याला मावशीकडे ठेवायचं म्हणताय, तर आधी त्याला नीट सगळं सांगा. आम्ही आमच्या मोठ्याला नाही सांगितलं. मी तिला ढकललं म्हणून ती आजारी पडली, असं तो महिनाभर मनात धरून बसला होता.