‘रन’ म्हणजे पळणे, एवढंच मुलांना शिकवायचं का?

हडपसर, धागाकर्ती:
सहावी-सातवीच्या शिकवण्या घेते. मुलांच्या वह्यांत शब्दार्थाचे दोन रकाने असतात: डावीकडे ‘रन’, उजवीकडे ‘पळणे’. परवा ‘द टॅप इज रनिंग’चं उत्तर आलं, ‘नळ पळत आहे’. मुलगा हुशार आहे, वहीतला अर्थ त्याने इमानदारीने लावला. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर या एका क्रियापदावर नऊ महिन्यांहून जास्त बसले, ६४५ अर्थ निघाले. आणि आपण त्याला एक ओळ देतो! सुटे शब्द पाठ करून घेणं बंद करा. ‘रन अ शॉप’ म्हणजे दुकान चालवणे, असं जोडीनेच शिकवा.

कोथरूड:
साफ असहमत. कोशकार बारीकसारीक छटाही वेगळी मोजतो, म्हणून आकडा फुगतो. नळ, बस, दुकान, नाक सगळीकडे गाभा एकच: काहीतरी चालू आहे, वाहतंय. तो पक्का करा. ज्या घरात इंग्रजी कानावर पडतच नाही, तिथल्या मुलाला आधी एक अर्थ तरी हातात हवा. पहिल्याच दिवशी दहा जोड्या दिल्यात तर तो पुस्तक मिटेल.

हडपसर:
मग ‘रन आउट ऑफ शुगर’ला साखर संपते, ती या गाभ्यातून कशी काढायची? निवडणुकीला अमेरिकेत ‘रन’ करतात, इंग्लंडात ‘स्टँड’. एकीकडे पळतात, दुसरीकडे आपल्यासारखे उभे राहतात. हे तर्काने सुटत नाही, ऐकूनच कळतं.

नारायण पेठ:
आपलं ‘लागणे’ घ्या की. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, पोराला नोकरी लागते, दुपारी डोळा लागतो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून इथेच पुण्यात निघाला, पण त्यात बघून कुणी ‘लागणे’ शिकलं नाही. घरात कानावर पडत गेलं. मी धागाकर्तीच्या बाजूने.

कोथरूड:
अहो, तुमच्याच उदाहरणाने माझा मुद्दा पक्का होतो. ‘लागणे’ दिवसभर ऐकायला मिळालं. इंग्रजी मिळतं एका तासिकेत, तेही वर्गात साठ मुलं असताना. ऐकण्याची ती भरपाई तुमच्या जोड्या कशी करणार? शब्दसूची काढू नका. फार तर ‘रन’पुढे दोन पूर्ण वाक्यं छापा, त्यातलं एक नळाचं असू द्या.

हडपसर:
दोन नकोत, पाच हवीत. आणि परीक्षेत सुटा शब्द विचारायचा नाही. यावर मी मागे हटणार नाही.