डच टँक आपल्या हवेत जमतो, की नुसताच हट्ट?

डबकेवाला (धागालेखक)

चौदा महिने झाले. तीन फुटी माशांचा टँक, 182 लिटर पाणी, आणि परवा रविवारी सगळी रोपं उपटून बादलीत घातली. बायको म्हणाली, "घटाचं धानसुद्धा दहाव्या दिवशी उचलतात, तुम्ही बराच दम काढलात."

नवख्यांसाठी थोडक्यात: डच शैली म्हणजे नेदरलँड्समध्ये 1930 च्या दशकात रुजलेली पाण्यातली बाग. लाकूड-दगडांना जवळपास जागा नाही. सगळी भिस्त रोपांवर, प्रत्येक जातीचा वेगळा जुडगा, पुढे बुटकी, मागे उंच, पायऱ्यापायऱ्यांनी. शेजारच्या जुडग्यांचा रंग किंवा पान एकसारखं दिसता कामा नये. लाल रोप मधोमध लावलं की चूक. लोबेलियाची एक रांग पुढून मागे तिरकी चढवत न्यायची, तिला लायडनचा रस्ता म्हणतात. आमच्याकडे त्या रस्त्यावर कायम खोदकाम चालू होतं.

माझं मत असं की ही थंड देशातली, भरपूर पाणी असलेल्या लोकांची हौस आहे. एप्रिल-मेमध्ये माझं पाणी 32 अंशांवर. तापलेल्या पाण्यात ना कार्बन डायऑक्साइड नीट विरघळत, ना ऑक्सिजन. रोपांसाठी सोडलेला गॅस वाढवावा तर मासे वर येऊन धापा टाकतात, कमी करावा तर आठवड्यात पानांवर काळं शेवाळ. दर रविवारी तीन तास छाटणी. आणि निम्मं पाणी बदलायचं, म्हणजे नव्वद लिटर. सोसायटीत टँकर येतो तेव्हा ते ओतून देताना शेजाऱ्यांच्या नजरेला नजर देता येत नाही.

एवढं करून मिळतं काय? निसर्गात कुठेच न दिसणारं दृश्य. यापेक्षा जपानच्या ताकाशी अमानोंची पद्धत बरी. लाकूड, दगड, चार जातींची रोपं, आणि डोळ्यांना तळ्याकाठी बसल्यासारखं वाटतं. मतभेद असतील तर बोला.

रोटालाप्रेमी

मतभेद आहेतच. आधी एक सांगा, तीन फुटांत जाती किती लावल्या होत्या?

डबकेवाला

सोळा.

रोटालाप्रेमी

मग संपलं! जुना ठोकताळा आहे, दर 10 सेंटिमीटर लांबीला एक जात. तुमच्या 90 सेंटिमीटरला नऊ. सोळा जाती म्हणजे रोपवाटिकेचं दुकान. प्रत्येकीच्या वाट्याला चार काड्या, त्या एकमेकींचा उजेड अडवत उभ्या, मग खालची पानं गळणार आणि रविवारी तीन तास जाणारच. तुम्ही डच टँक केलाच नाही, तर तो फसला असं कसं म्हणता?

"निसर्गात दिसत नाही" हा आक्षेप तर मला कळतच नाही. आपल्याकडे पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. कुठल्या जंगलात असं वाढलेलं पान दिसतं? पण पंगतीत चटणी उजवीकडे पडली की आजी लगेच ओळखते. डच टँक म्हणजे तसं वाढलेलं पान. जागा ठरलेल्या आहेत म्हणूनच कोणाचा हात सुगरणीचा आहे ते कळतं.

डबकेवाला

उपमा चांगली आहे, पण वाढलेलं पान अर्ध्या तासात संपतं. तुमचं हे पान दर आठवड्याला आपोआप वीतभर वाढतं आणि पुन्हा पहिल्यापासून वाढायला लागतं. :)

आम्स्टलवेनकर

मी नेदरलँड्समध्ये राहतो, म्हणून दोन शब्द. इथल्या हौशी मंडळांच्या महासंघातर्फे स्पर्धा होतात आणि परीक्षक फोटो मागवत नाहीत, घरी येतात. समोर बसून टँक बघतात. नुसती मांडणी नाही, माशांची तब्येत, माशांचा एकमेकांशी मेळ, पाण्याची अवस्था यालाही गुण. म्हणजे मासे धापा टाकत असतील तर बाग कितीही देखणी असो, तिथे काही खरं नाही. डबकेवाले, तुम्ही "रोपं की मासे" असा प्रश्न केलात, तो मुळात डच प्रश्नच नाही.

बाकी हवेचं तुमचं बरोबर आहे. इथे हिवाळ्यात हीटर लावून पाणी 24-25 वर आणावं लागतं. लोबेलियाला ते मानवतं. तुमच्या मेमध्ये मी तिला लावणार नाही. पण एक लक्षात घ्या, ही पद्धत सुरू झाली तेव्हा एलईडी नव्हते आणि टँकला गॅसचं सिलिंडर जोडायची पद्धतही नंतरची. जुन्या मंडळींनी माती, साधे दिवे, कात्री आणि संयम यांवर भागवलं.

अवनी_ठाणे

मी धागालेखकांच्या बाजूने, पण कारण वेगळं. गेल्या मेमध्ये दुपारी वीज गेली. फिल्टर बंद, पाणी निश्चल, आणि गॅसचा बुडबुडा मात्र चालूच, कारण सिलिंडरला सोलेनॉइड, म्हणजे वीज गेली की गॅस बंद करणारी झडप, नव्हता. दुकानदार म्हणाला होता, नंतर लावू. संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा अकरा रमीनोज टेट्रा मासे तळाशी. ड्रॉप चेकर (पाण्यातला गॅस रंगाने दाखवणारी कुपी) पिवळाधमक. आई चार दिवस बोलली नाही माझ्याशी. त्या दिवसापासून मी क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया आणि मॉस एवढ्यावर आहे. दोन महिन्यांतून एकदा कात्री लागते. हिरवं दिसायचं ते दिसतंच की.

रोटालाप्रेमी

ताई, वाईट वाटलं. पण हा दोष शैलीचा नाही, त्या दुकानदाराच्या "नंतर लावू"चा आहे. वीज गेली की गॅस बंद व्हायलाच हवा. शिवाय ड्रॉप चेकर तास-दोन तास मागे असतो. तो हिरवा म्हणजे साधारण 30 मिलिग्रॅम प्रति लिटर. पिवळा दिसेपर्यंत पाण्यात गॅस केव्हाच जास्त झालेला असतो. उन्हाळ्यात मी गॅस उलट कमी करतो, दिवा आठऐवजी सहा तास, आणि पाण्यावर दोन पंखे. पाण्याची वाफ होते, दोन-तीन अंश उतरतात. हो, वाफ झालेलं पाणी रोज भरावं लागतं, आणि ते साधं पाणी भरत राहिलं की क्षार साचत जातात, म्हणून आरओचं भरतो.

आणि "थंड देशातली हौस" म्हणताना हे विसरू नका की ज्या लाल रोटाला मॅक्रॅन्ड्रासाठी जगभरचे लोक जीव टाकतात ती मूळची दक्षिण भारतातली. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आपलीच. आपली रोपं आपल्याच हवेत जगत नाहीत म्हणणं म्हणजे कोकणात आंबा येत नाही म्हणण्यासारखं झालं.

मास्तर_सातारा

वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून दोघांनाही थोडं टोचतो.

रोटालाप्रेमी, रोप इथलं आहे एवढ्यावरून ते मेच्या 32 अंशांत बंद काचेत खूश असेल असं होत नाही. ही बहुतेक मंडळी पाण्यात निम्मी, बाहेर निम्मी जगणारी. भातखाचरात रोटाला उगवते ती पावसात, वाहत्या-झिरपत्या पाण्यात, आणि पाणी आटेपर्यंत फुलून बी टाकून मोकळी होते. मे महिन्यात ती बीच्या रूपात झोपलेली असते. तुम्ही तिला बारा महिने जागं ठेवता आणि वर म्हणता, लाल हो.

डबकेवाले, तुमचं "निसर्गात असं दिसत नाही" मात्र सपशेल चूक. पावसाळा सरताना कासच्या पठारावर या. जांभळ्या मंजिरीचे एकाच रंगाचे सलग पट्टे, शेजारी दुसऱ्या फुलांचा वेगळा पट्टा, मध्ये स्वच्छ सीमारेषा. कातळावर माती किती जाड, पाणी किती वेळ थांबतं, त्यावर कोण कुठे उगवणार हे ठरतं. ही मंजिरी पोगोस्टेमॉन प्रजातीतली, म्हणजे तुमच्या टँकमधल्या 'स्टेलाटा'ची सख्खी बहीण.

नुसतावाचक

मास्तर, मग कासवरूनच चार काड्या आणून देशी डच टँक करूया की! सिलिंडर नको, परदेशी रोपं नकोत.

मास्तर_सातारा

अजिबात नाही, गमतीतही नाही. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे, तिथलं पानही उचलायचं नाही. आणि तिथल्या काही गोष्टी दुसरीकडे मिळतच नाहीत. वायतुरा घ्या, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, नावातच सातारा आहे. सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांपलीकडे तो जगात कुठेही नाही. तुम्ही त्याचा कंद आणाल, दोन महिन्यांत तुमच्या काचेत तो सडेल, आणि पठारावर एक खड्डा राहील. रोप हवं तर रोपवाटिकेतलं घ्या, नाहीतर कोणाच्या छाटणीतलं मागा.

अवनी_ठाणे

+1. क्रॉफर्ड मार्केटला ढिगाने मिळतात रोपं, पठार कशाला ओरबाडायचं?

आम्स्टलवेनकर

पाण्याच्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही. तो मला सगळ्यांत वजनदार वाटला. इथे नळ उघडताना विचार करावा लागत नाही, तिथे करावा लागतो.

रोटालाप्रेमी

माझं बदललेलं पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना जातं, त्यात नायट्रेट असतंच, कढीपत्ता सुसाट आहे. पण खरं सांगतो, टँकरच्या महिन्यात मीही निम्म्याऐवजी पाव पाणी बदलतो आणि खत तितकंच उतरवतो. वाढ मंदावते, छाटणीही कमी. टँक जरा मलूल दिसतो, असू दे.

डबकेवाला

सोळा जातींबद्दल कान पकडतो. कासचंही मान्य, पुढच्या सप्टेंबरात बघून येईन. पण हट्ट हा शब्द मागे घेत नाही. मेमध्ये मलूल, टँकरच्या दिवसांत मलूल, वीज गेली की धास्ती, म्हणजे वर्षातले सहा महिने आपण त्याची समजूत काढत बसायचं. जूनपासून जानेवारीपर्यंत करायचा आणि मग सरळ क्रिप्टोकोरीनवर आणून ठेवायचा, असं कोणी केलंय का? बादलीतली रोपं अजून टाकलेली नाहीत. त्यातली नऊ निवडतोय. लोबेलिया मात्र गेली, पुढच्या रांगेसाठी काहीतरी हवं. कोथरूडच्या आसपास कोणाकडे सॉरुरस आहे का?

रोटालाप्रेमी

आहे, मूठभर. शनिवारी छाटणार आहे. डबा घेऊन या, आणि सोलेनॉइड आहे ना ते बघून या.